सख्खी भाची

मास्तर, तू खुर्चीवरून उठायला नको होतंस. हे मी तुझ्या तोंडावर सांगितलं होतं, आता तुझ्या फोटोसमोर सांगतो. माणूस गेला म्हणून त्याची चूक बरोबर होत नाही.

मंडळाची पोरं आली होती. म्हणाली, तात्या, अंकात सरांबद्दल तुमचं काहीतरी येऊ द्या, चांगलं लिहा. मी म्हणालो, चांगलं लिहायला त्यांचे विद्यापीठातले लोक आहेत. जन्म कुठं झाला, पुस्तकं कोणती लिहिली, ते सगळं ते लिहितील. माझं आणि त्याचं बोलणं अर्ध्यावर राहिलंय, मी ते लिहितो. छापायचं तर छापा. म्हणून हे. मी चौथी शिकलेला माणूस. अक्षर माझं आहे, शुद्धलेखन माझ्या पोरीनं, वैशालीनं बघितलंय. मजकुराला मी तिला हात लावू दिलेला नाही. ती बघता बघता मध्येच थांबते, ते मला दिसतं. थांबू दे.

जे आपल्याला ओळखत नाहीत त्यांच्यासाठी आधी नातं सांगतो, कारण सगळं भांडण तिथंच आहे. तुझं गाव आणि माझ्या बायकोचं माहेर एक. वस्ती एक, पाणवठा एक. रक्ताचं काही नाही. पण आपल्या खान्देशात माहेरच्या गावचा पोरगा म्हणजे भाऊ, आणि बहिणीच्या लेकरांचा तो मामा. त्याला कुणी कागद मागत नाही. तू एम. ए. करायला सुरतेला आलास तेव्हा कुठं उतरायचं हा प्रश्नच तुला पडला नाही. सरळ लिंबायतला आमच्या खोलीवर आलास आणि म्हणालास, "अक्का, भूक लागली." मी घरी नव्हतो. पाळीवरून आलो तर माझ्या खाटेवर तू झोपलेला. बायको आमच्या अहिराणीत म्हणाली, "मना भाऊ शे तो. उठवू नका."

त्यानंतर ती खाट दोघांची झाली. मी कारखान्यात लूमवर, कापडाच्या मागावर असलो की तुझी, मी आलो की माझी. शेजारच्या कारखान्याची खटखट भिंतीतून यायची. त्या आवाजात तू वाचायचास. पुढं विद्यापीठाच्या लायब्ररीत बसायला लागलास तर म्हणालास, "दाजी, तिथं इतकं शांत असतं की मला झोपच येते." मी म्हणालो, एक लूम नेऊन बसव. तू त्यावर असा हसलास की माझ्या बायकोच्या हातातलं पीठ सांडलं.

प्राध्यापक झालास तरी मी तुला मास्तरच म्हणत राहिलो. तुला राग यायचा नाही, उलट बरं वाटायचं. पहिल्या दिवसाचं तू सांगितलेलं मला आठवतं. स्टाफरूममध्ये कुणीतरी विचारलं, घर कुठं? तू म्हणालास, लिंबायत. त्यानंतर चहा संपेपर्यंत कुणी काही विचारलं नाही. मी म्हणालो, मग तू बोलायचंस. तू म्हणालास, "काय बोलू? तिथं माझ्यासारखा दुसरा कुणी नाही. मी चुकलो तर आपले सगळे चुकले असं धरतात. मी बरोबर आलो तर म्हणतात, हा एक वेगळा निघाला."

मग नियमाप्रमाणं निवड समितीवर आपल्यातला एक माणूस लागतो म्हणून तुला बसवायला लागले. आज या कॉलेजात, उद्या त्या कॉलेजात. तू आलास की मी विचारायचो, आज कुणाला पाडलं? तू सांगायचास. राखीव जागेवर आलेला पोरगा घाबरलेला असतो. समोरचे इंग्रजीत एवढ्या घाईनं विचारतात की त्याला प्रश्नच कळत नाही. मग ते एकमेकांकडं बघतात आणि लिहायला पेन काढतात, योग्य उमेदवार मिळाला नाही. जागा रिकामी. पुढच्या वर्षी पुन्हा तेच. तू म्हणायचास, "मी फक्त एक करतो दाजी. तोच प्रश्न सावकाश विचारतो, गुजरातीत. पोरगा बोलायला लागतो. मग त्यांना पेन खाली ठेवावं लागतं." तुझ्या त्या बसण्यानं आपली काही पोरं लागली. त्यांची आईबापं तुला पेढे द्यायला यायची आणि तू माझ्याकडं पाठवायचास. मी खायचो. माझी खाट वापरली होतीस, मला हक्क होता.

हे सगळं मी विसरलेलो नाही. सुरतेत तो प्लेग आला, सगळी लिंबायत गाठोडी बांधून स्टेशनवर पळाली, तेव्हा मी हटून बसलो होतो की मी जाणार नाही, मरायचं तर इथं मरेन. तू तोंडाला रुमाल बांधून भेस्तानच्या तुझ्या घरून चालत आलास, रिक्षा नव्हत्या. खिशातून कॅप्सूलची पट्टी काढलीस. मी म्हणालो, मला काही झालेलं नाही. तू म्हणालास, "तुम्हाला नाही देत, अक्काला देतो. तुम्ही तिच्यासमोर खाल्ल्याशिवाय ती खाणार नाही." मी मुकाट्यानं खाल्ली. तुला माणसाला कुठं पकडायचं ते कळत होतं. मग त्या दिवशी समितीत कसं कळलं नाही?

त्या दिवसाचं वैशालीनं मला जसं सांगितलं तसं लिहितो.

ती तुझ्याच विषयात शिकली. तूच शिकवलीस, आमच्या ओट्यावर बसून. तुमच्याच विभागात दोन जागा निघाल्या, एक खुली, एक राखीव. माझे वडील रेल्वेच्या कामावर फार आधी सुरतेत आलेले, त्यामुळं इथल्या जातीच्या दाखल्याची अडचण नव्हती. मी तिला निघताना सांगितलं, आत मामा असेल, पण तिथं त्याला मामा म्हणू नकोस, सर म्हण. ओळख दाखवू नकोस. ती म्हणाली, बरं. ती आत गेली. पाच माणसं बसलेली, आणि कडेला सहावा तू. तिनं सगळ्यांना नमस्कार केला. तुलाही, बाकीच्यांसारखाच. खुर्चीत बसली. प्रमुख साहेबांनी नेहमीप्रमाणं विचारलं, उमेदवार कुणाच्या नात्यातला आहे का? कुणी बोललं नाही. आणि तू उभा राहिलास.

"मारी भाणी छे," तू म्हणालास. माझी भाची आहे.

साहेबसुद्धा गोंधळले. त्यांनी तुला वाट करून दिली होती, मास्तर. त्यांनी विचारलं, "सगी?" सख्खी का? वैशाली सांगते, तेव्हा तू तिच्याकडं बघितलंस. एक 'ना' म्हणायचं होतं. ते खरं होतं. एका आईबापाचे नाही, एका घरातले नाही. ना म्हणून खाली बसायचं आणि तो प्रश्न सावकाश विचारायचा, गुजरातीत, जसा इतरांच्या पोरांना विचारत होतास.

तू म्हणालास, "सगी ज." सख्खीच.

आणि बाहेर गेलास. दार तू हळू लावलंस, असं ती म्हणते. पुढं त्यांनी तिला विचारलं, वडील काय करतात, लिंबायतहून येणं-जाणं जमेल का, तुमच्या बोलण्यात मराठी येतं, मुलांना समजेल का. विषयावरचे प्रश्न इंग्रजीत आणि धडाधड. तिनं उत्तरं दिली. तिला विषय येतो. पण पेन खाली ठेवायला लावणारा माणूस बाहेर पॅसेजमध्ये उभा होता. फलकावर लागलं, राखीव जागेसाठी योग्य उमेदवार मिळाला नाही.

तू संध्याकाळी आलास. चप्पल काढलीस आणि उंबऱ्यावरच थांबलास.

"दाजी, मला उठावं लागलं."

"कुणी उठवलं?"

"नियम आहे. नात्यातला उमेदवार असेल तर बसता येत नाही."

"कसलं नातं? माझा सासरा आणि तुझा बाप एकच का?"

"असं बोलू नका दाजी."

"मग सांगायचं होतंस ना, सख्खी नाही. कोर्टात टिकलं असतं."

"कोर्टात टिकलं असतं. अक्काच्या दारात टिकलं नसतं."

मी जन्मभर लूमवर काढलेला, माझा आवाज मोठा. गल्लीतली माणसं बाहेर आली. बापू रिक्षावाला रिक्षा पुसता पुसता थांबला. मी म्हणालो, "आणि खुल्या जागेवर जी घेतली, ती कोण? त्या दुसऱ्या साहेबांच्या हाताखाली शिकलेली. त्यांच्या घरी जेवते, त्यांच्या बायकोला काकी म्हणते, हे तूच मला सांगितलंस. ते उठले?"

"नाही."

"का?"

"विद्यार्थिनी नात्यात मोजत नाहीत."

"मग आपली गावकी कशी मोजतात?"

"ते नाही मोजत," तू म्हणालास. "मी मोजली."

मग मी आणखी मोठ्यानं बोललो. म्हणालो, त्यांची माणसं एकमेकांना काही म्हणत नाहीत, म्हणून ती सुटतात. आपण रस्त्यात भेटलेल्याला मामा म्हणतो, काका म्हणतो, म्हणून आपणच धरले जातो. त्यांच्या पाच खुर्च्या आणि आपली एक. ती एक तू रिकामी करून आलास आणि वर मला नियम सांगतोस. माझ्या पोरीच्या तोंडचा घास तू तुझ्या खरेपणाला वाहिलास.

वैशाली आत चहा करत होती. तिथूनच म्हणाली, "बाबा, पुरे." तू तिचा चहा घेतला नाहीस. तेवढं एक मला लागलं. बाकी मी बोललेला शब्द ना शब्द आजही बोलेन.

त्या दिवाळीला भाऊबीजेला तू येणार नाहीस असं मी धरलं होतं. दर वर्षी तुझं आणि बायकोचं ठरलेलं भांडण असायचं. ती ताट करायची, तू म्हणायचास, "अक्का, हे दिवे-ओवाळणं आपलं नाही, किती वेळा सांगू. दिवा नको, करंजी दे." ती म्हणायची, "दिवा नाही तर करंजीबी नाही." मग दिवा विझवून करंजी दिली जायची. दोघांचंही राहायचं. त्या वर्षी ती सकाळपासून दर थोड्या वेळानं मला विचारत होती, "भाऊ उना का?" मी म्हणालो, आला असता तर दिसला नसता का. आणि तू आलास. उन्हं कलली होती. मी खाटेवर भिंतीकडं तोंड करून पडलो. तू ताटापुढं बसलास. दिवा नको म्हणाला नाहीस. तिनं ओवाळलं, तू गप्प बसून घेतलंस. माझ्या पाठीला ते सगळं कळत होतं. उठताना तू म्हणालास, "दाजी, येतो."

मी बोललो नाही. पुढच्या दिवाळीलाही नाही. तू दोन्ही वेळा म्हणालास, दाजी, येतो. वाट बघत अंमळ थांबायचास, तेही मला माहीत होतं. माझ्या तोंडून शब्द काढायचा तर आधी तू म्हणायला हवं होतंस की उठलो ते चुकलं. ते तू म्हणाला नाहीस. मग दोघंही आपापल्या जागी बसलो. आता तू गेलास आणि मी एकटाच बसलोय.

आता परवाचं सांगतो. तुला कुणी सांगितलं नसेल.

भेस्तानला तुझ्या दारात मांडव घातला होता. पुण्यानुमोदनाला भंतेजी आले होते, मेणबत्त्या लावल्या होत्या. तुझा फोटो कुठला लावलाय म्हणशील तर तो चष्मा नसलेला, जुना. फोटोजवळ सोयऱ्यांच्या खुर्च्या मांडलेल्या. माझी बायको तुझ्या बायकोला धरून आत होती. मी पहिल्या खुर्चीत बसलो. कुणी बस म्हटलं नव्हतं, कुणी उठही म्हटलं नाही.

बापू माझ्या कानाशी आला. त्याचं हळू बोलणं म्हणजे रिक्षाच्या हॉर्नएवढं. म्हणाला, "तात्या, विद्यापीठाची गाडी आलीय. ते मोठे साहेब आहेत. वैशालीचा सोमवार आहे ना?"

आहे. ती राखीव जागा पुन्हा निघालीय. सोमवारी मुलाखत. साहेब तेच. तुझ्या जागी कुणाला आणतील ते तेच ठरवणार. आणि तुमच्या विभागात बोललं जातंय ते वैशालीच्या कानावर आलंय, की मामानं भाचीसाठी जागा रिकामी ठेवून घेतली होती, आता मामा गेला म्हणून दयेनं देतील की काय. ती कॉलेजात तासावर शिकवते, तिथं तिला तोंडावर विचारतात.

बापू म्हणाला, "साहेब विचारतीलच तुम्ही कोण. सांगा, गावाकडची ओळख होती. सख्खं काही नाही. तेवढ्यानं पोरीच्या मागचं सगळं बोलणं मिटतं. आणि खोटं कुठं आहे ते? तुम्हीच म्हणत होता."

मीच म्हणत होतो. सबंध गल्लीनं ऐकलं होतं.

साहेब आले. मांडवातले सगळे उभे राहिले. लिंबायतची माणसं अशा वेळी अंगात सवय असल्यासारखी उठतात. साहेबांनी फुलं वाहिली. डोळे पुसले, खोटे नाही, खरे पुसले. एवढी वर्षं एका भिंतीआड काम केलेलं माणूस. मग माझ्याकडं वळले, हात जोडले आणि गुजरातीत विचारलं, "तमे एमना शुं थाओ?" तुम्ही त्यांचे कोण लागता?

मास्तर, मागं बापू उभा. मांडवाच्या कडेला वैशाली पाण्याचे ग्लास घेऊन उभी होती. तिनं ऐकलं आणि थांबली. तिथून ती माझ्याकडं बघत होती. माझ्या डोक्यात उत्तर तयार होतं. दोन वर्षं मी ते तुला ऐकवत होतो, भिंतीकडं तोंड करून मनातल्या मनातसुद्धा. गावाकडची ओळख. खरं होतं. कोर्टात टिकलं असतं. पोरीचा सोमवार सोपा झाला असता.

आणि आतून माझ्या बायकोचा आवाज आला. ती तुझ्या नावानं रडत होती, बहीण रडते तशी. साहेबांनाही तो ऐकू येत होता.

मी म्हणालो, "बनेवी." बहिणीचा नवरा.

त्यांनी विचारलं, "सगा?"

"सगा ज," मी म्हणालो. "आणि ही पाणी घेऊन उभी आहे ना, ती त्यांची भाणी. माझी मुलगी. सोमवारी तुमच्याकडं येणार आहे."

 साहेबांनी वैशालीकडं बघितलं. तिनं पुढं होऊन त्यांना पाणी दिलं. ते प्यायले. "बहु सारा माणस हता," फार चांगला माणूस होता, असं म्हणाले आणि गेले. बापूनं कपाळावर हात मारला. आणि मास्तर, एवढं सगळं होईपर्यंत सबंध मांडव उभा होता, मी उठलो नाही.

यावरून तू जिंकलास असं समजू नकोस. तुझ्या डोळ्यांत ते आधीच आलं असेल, दाजी शेवटी माझ्याच वाटेनं गेला. नाही गेलो. मी नातं सांगितलं आणि बसून राहिलो. तू नातं सांगितलंस आणि उठून गेलास. हा फरक आहे. सख्खी आहे म्हणायचं, आणि मग म्हणायचं की लिहून घ्या, माझं मत मोजू नका हवं तर, पण प्रश्न मी विचारणार. त्या पाचांतले किती जण आपापली माणसं पोटात घालून बसले होते, ते तुला माहीत होतं. ज्यानं खरं सांगितलं त्यानंच बाहेर का जायचं? याचं उत्तर तू मला देणं लागत होतास आणि ते तू घेऊन गेलास.

वैशालीनं काल विचारलं, "बाबा, सोमवारी त्यांनी पुन्हा विचारलं तर?" मी म्हणालो, मामा होते म्हणून सांग. ती म्हणाली, "आणि नाही घेतलं तर?" मी म्हणालो, तर पुढच्या वेळी पुन्हा जा आणि पुन्हा सांग. ती हसली नाही. तिचं वय जातंय, मला कळतं. आत गेली आणि पुस्तक उघडून बसली. तुझ्या पेन्सिलीच्या खुणा आहेत त्यात. ती मोठ्यानं प्रश्न वाचते आणि स्वतःच उत्तर देते, सावकाश, गुजरातीत. मग तेच इंग्रजीत, भराभर. तू शिकवलेलं हे, मी ओळखलं. लूमच्या आवाजातही मला ते भिंतीपलीकडून ऐकू येतं.

सोमवारी काय होईल मला माहीत नाही. झालं तरी आणि नाही झालं तरी, तू उठायला नको होतंस, हे माझं म्हणणं मी सोडणार नाही. या दिवाळीला बायको ताट करेल. मी तिला सांगितलंय, करायचं तर कर. दिवा लाव, करंजी ठेव, दोन्ही.

फक्त एक गोष्ट मला अजून सुटलेली नाही, आणि ती विचारायला तू नाहीस. त्या दिवशी समितीत साहेबांनी विचारलं तेव्हा तू म्हणाला असतास, सख्खी नाही, माझी कुणी नाही. मला तेच हवं होतं. तसं झालं असतं तर परवा तुझ्या मांडवात, तुझ्या फोटोजवळच्या त्या पहिल्या खुर्चीत, मी कोण म्हणून बसलो असतो?

तुझा दाजी,
लिंबायत